वस्तऱ्याची धार: चमोट्यावर किती फिरवायचं, आणि सिल्लीकडे कधी जायचं?

रामबागकर
नमस्कार मंडळी. घरात आजोबांचा जर्मन वस्तरा आहे, पात्याच्या बुडाशी 'सोलिंगन' कोरलेलं. इतकं चांगलं पोलाद कपाटात पडून राहू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून तो मी रोजच्या वापरात आणलाय. सुरुवातीला एका जाणकाराकडून सिल्लीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, धार लावून घेतली होती. तेव्हा दाढी अशी व्हायची की दिवसभर गालावरून हात फिरवत बसावं. आता मात्र हनुवटीखाली ओढायला लागलाय. दाढीआधी न चुकता चमोट्यावर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, फिरवतो, तरीही.

विचारायचं आहे ते असं. चमोट्यामुळे गेलेली धार परत येते, की आहे ती फक्त टिकते? रोज किती फेऱ्या माराव्यात? एक जण म्हणतो हिरवी पेस्ट लाव, सिल्लीची गरजच नाही. दुसरा म्हणतो पेस्टला शिवूही नकोस. शिवाय आजोबांचा मूळ चमोटा वाळून तडकलाय. इंदुरात नवा पट्टा करायचा तर कुठलं चामडं घ्यावं?

छावणीकर
पट्टा टांगायचा आहे की लाकडी फळीवर चिकटवलेला हवा? आधी ते सांगा.

रामबागकर
टांगायचा. आजोबांची कडी अजून खिडकीच्या चौकटीला आहे.

मल्हारगंजचे नाना
रामबागकर, आमचं घराणं नाभिकांचं. वडिलांचं दुकान होतं आणि मी शाळेतून आलो की चमोटा माझ्या हातात. त्यामुळे या विषयावर मी थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पट्ट्याच्या ताणाची. एक टोक कडीला आणि दुसरं डाव्या हातात इतकं घट्ट की मध्ये झोल राहू नये. पट्टा झोळीसारखा लोंबला की वस्तरा खाली दबतो, चामडं धारेभोवती वर चढतं आणि धार गोल होते. माणूस मन लावून रोज फेऱ्या मारतो आणि रोज थोडी धार घालवतो. वस्तरा 'उतरला' म्हणून जी माणसं दुकानावर यायची, त्यातली निम्मी तरी याच कारणाने यायची असं वडील सांगत.

दुसरी गोष्ट, पाठ पुढे आणि धार मागे. पातं पट्ट्यावर सपाट, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली. टोकाला पोचलात की थांबायचं, मग पाठीवर पातं उलटायचं आणि परत यायचं. पाठ पट्ट्यावरून उचलायचीच नाही. पट्टा कापला जातो तो याच जागी, कारण हात थांबायच्या आधी बोटं वळतात. वस्तरा मनगटाने नाही, अंगठा आणि तर्जनीत गोल फिरवायचा.

दाब द्यायचा नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. चामडं जरासं धरून ठेवतं, तो ओढा हाताला जाणवला की झालं.

आणि घाई नको. जुने कारागीर खटाखट मारायचे ते पाहून माणसाला हुरूप येतो, पण तो वेग वर्षानुवर्षांच्या सवयीने आलेला असतो. वेगाने धार वाढत नाही. सावकाश मारा, आवाज जाताना आणि येताना सारखा यायला हवा. एका बाजूला आवाज बारीक झाला तर समजा पातं कललंय.

पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर सरळ न मारता तिरकं ओढत न्यायचं. सुरुवात बुडाकडून, शेवट टोकाकडे. म्हणजे सगळ्या धारेला चामडं मिळतं.

सुधा_लोकमान्यनगर
नाना, किती छान समजावलंत! आमच्या सासऱ्यांना मी असंच करताना पाहिलंय, पण पाठ उचलायची नाही यामागचं कारण आज कळलं.

छावणीकर
फेऱ्यांचा आकडा कोणी सांगितलाच नाही. माझा नेम असा: कापडावर २० ते ३० फेऱ्या, मग चामड्यावर ५० ते ६०. एक फेरी म्हणजे जाऊन येणं. दाढीच्या आधी. दाढी झाल्यावर फक्त धुणं, पुसणं आणि कोरड्या कापडावर दोनचार फेऱ्या, ओल निघून जाण्यापुरत्या.

शिप्राकाठी
५०-६० जास्त होतात असं मला वाटतं. रोज दाढी करणाऱ्याला चामड्यावर ३० पुरे. हात थकला की कोन बिघडतो, आणि शेवटच्या वीस फेऱ्या आधीच्या चाळीसांची मेहनत घालवतात.

मल्हारगंजचे नाना
शिप्राकाठी, पटलं. आकड्यापेक्षा हात स्थिर असेपर्यंत मारणं महत्त्वाचं. नव्या माणसाने ३० चांगल्या माराव्यात.

धातुवेडा
मी धातुशास्त्र शिकवतो, तेव्हा रामबागकरांच्या पहिल्या प्रश्नाला हात घालतो. चमोट्याने धार परत येते का? काही प्रमाणात येते, पण सगळी नाही. तसं का, ते सांगतो.

चांगल्या वस्तऱ्याची धार टोकाशी मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) अंशाइतकी पातळ असते. दाढी करताना ती तीन प्रकारे बिघडते. थोडी वाकते, तिच्यावर ओलीमुळे सूक्ष्म गंज चढतो, आणि तिचे बारीक कपचे उडतात. वाकलेलं सरळ करणं आणि वरचा गंज पुसून पोलाद घोटणं, एवढं साधं चामडं करू शकतं. उडालेला कपचा चामड्याने भरून येत नाही. त्यासाठी आजूबाजूचं पोलाद घासून खाली आणावं लागतं, आणि ते काम सिल्लीचं.

कपचे केसाने उडतात यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही, कारण केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात यावर लेख लिहिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने केस कापून त्यांनी पाहिलं. केस ताठ उभा असताना फारसं काही होत नाही. तो वाकून धारेला तिरका भेटला, आणि त्याच जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, की तिथे ताण साठतो आणि कपचा उडतो. प्रयोग बाजारात मिळणाऱ्या ब्लेडच्या पोलादावर होता, वस्तऱ्याच्या कार्बन पोलादावर नव्हता. तरी यातून घेण्यासारखं आहे: केस जितका भिजून मऊ होईल तितका धारेवरचा भार कमी.

म्हणून रामबागकर, पट्ट्याला दोष देण्याआधी दाढी कशी भिजवता ते सांगा. हनुवटीखालचे खुंट सगळ्यात राठ असतात आणि वेगवेगळ्या दिशांना उगवतात. धार किंचित उतरली की ती पहिल्यांदा तिथेच कळते.

रामबागकर
आंघोळीनंतर लगेच करतो, गरम पाण्याचा टॉवेल ठेवून, आणि ब्रशने चांगला फेस काढून. भिजवण्यात कसर नसावी.

बडोदेकर_भाऊ
आमच्या इथे रावपुऱ्यात मी ज्याच्याकडे जातो त्याचा वस्तरा तर ब्लेड घालायचा आहे. तो कधी चमोट्यावर फिरवत नाही. मग हे सगळं लागतं कशाला?

मल्हारगंजचे नाना
भाऊ, तो वेगळा. त्यात ब्लेडचं अर्धं पान बसवतात आणि गिऱ्हाईक झालं की टाकून देतात. एचआयव्ही आणि काविळीची भीती पसरल्यापासून दुकानांत तेच आलं, आणि ते योग्यच आहे. एकच वस्तरा दहा जणांच्या गालावरून फिरवणं आता कोणी करू नये. ज्या वस्तऱ्याबद्दल आपण बोलतोय तो एका माणसाचा, त्याच्या स्वतःच्या घरातला. जुन्या बाजारातून घेतलेला असेल तर आधी नीट धुऊन स्पिरिटने पुसून मगच वापरावा.

ग्वाल्हेरी
मी वेगळं मत मांडतो. पेस्टबद्दल इथे सगळे गप्प आहेत. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट, साधारण अर्ध्या मायक्रॉनची, मी फळीवरच्या पट्ट्याला लावून ठेवली आहे. वस्तरा जरा ओढायला लागला की त्यावर आठदहा फेऱ्या, मग साध्या चामड्यावर. कितीतरी महिने मला सिल्ली लागलेली नाही. रामबागकरांनी तेच करावं.

धातुवेडा
ग्वाल्हेरी, तुमचा अनुभव खरा आहे, पण मग ते नुसतं चामड्यावर फिरवणं राहिलं नाही. पेस्टमधले कण पोलाद कापतात, म्हणजे तुम्ही मऊ पाठिंब्यावर धार लावताय. मऊ पाठिंब्याची अडचण अशी की तो धारेच्या शेवटच्या काठाशी किंचित वर येतो. प्रत्येक वेळी काठ कणभर बहिर्वक्र, म्हणजे बाहेरून फुगीर, होतो. काही महिने फरक कळत नाही. मग एक दिवस पेस्टनेही ओढणं थांबत नाही, आणि तेव्हा सिल्लीवर नेहमीपेक्षा जास्त काम करावं लागतं.

ग्वाल्हेरी
तो दिवस माझ्याकडे अजून आलेला नाही. फळी कडक असेल आणि चामडं पातळ असेल तर बहिर्वक्र होणं फार कमी असतं. टांगत्या पट्ट्याला पेस्ट लावणाऱ्यांचं तसं होत असेल.

धातुवेडा
कडक फळीबद्दल सहमत. टांगत्या पट्ट्याला पेस्ट नको, यावर आपण दोघंही एकमत आहोत असं धरतो.

छावणीकर
एक इशारा. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशची हिरवी वडी मिळते ती वेगळी. तिच्यात क्रोमियम ऑक्साइडबरोबर अॅल्युमिनाचे मोठे कणही असू शकतात. भांड्याला चालते, वस्तऱ्याला ओरखडे पाडते. आणि पेस्ट लावलेला पट्टा कायम वेगळा ठेवा. एकदा लावली की चामड्यातून ती निघत नाही.

सराफ्याजवळ
सोन्याला पॉलिश करायचं लाल रूज चालेल का? आमच्या गल्लीत सहज मिळतं.

धातुवेडा
लाल रूज म्हणजे लोहाचं ऑक्साइड. क्रोमियम ऑक्साइडपेक्षा मऊ, म्हणून पोलाद अगदी कमी काढतं आणि घोटतं जास्त. बारीक आणि स्वच्छ असेल तर वेगळ्या पट्टीवर वापरून बघायला हरकत नाही.

सुधा_लोकमान्यनगर
चामड्याच्या निगेबद्दल लिहू का? सासऱ्यांचा पट्टा आज मीच सांभाळते. पावसाळ्यात न्हाणीघरात टांगला की बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर तो बैठकीत असतो. दाढी तिथेच आरशापुढे. बुरशीचा पांढरा थर आला तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचा, उन्हात कधीच नाही. वापरायच्या आधी तळहाताने दोनचार वेळा जोरात घासायचा. तळव्याचं स्निग्ध आणि ऊब चामड्याला पुरते. खोबरेल लावू नका. चामडं पिऊन घेतं, मग वस्तरा घसरतो, ओढा राहत नाही, आणि काही दिवसांनी खवट वास येतो.

मल्हारगंजचे नाना
ताई, अगदी बरोबर. जुने लोक दाढीच्या साबणाचा घट्ट फेस चामड्यात चोळून वाळवत. त्यानेही चामडं मऊ राहतं आणि ओढा चांगला येतो.

शिप्राकाठी
साबणाच्या बाबतीत मी नानांशी सहमत नाही. आजचे साबण पूर्वीसारखे राहिले नाहीत, सुगंधी द्रव्यं फार असतात. तळहात उत्तम.

बडोदेकर_भाऊ
सुधाताई, बैठकीत दाढी! आमच्या घरात असा ठराव मांडला तर एकमताने फेटाळतील. :)

सुधा_लोकमान्यनगर
भाऊ, आमच्याकडे पाहुणे मुद्दाम त्या वेळी येतात, बघायला. :)

छावणीकर
आता चामडं कुठलं. रामबागकर, वनस्पतिजन्य कमावलेलं घ्या, म्हणजे झाडाच्या साली आणि फळं वापरून केलेलं. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. असं चामडं घट्ट असतं आणि कमी ताणलं जातं. क्रोमने कमावलेलं मऊ आणि लवचिक, बुटाच्या वरच्या भागाला छान, पण टांगला की ताणला जातो. बाजारातला कमरेचा पट्टा घेऊ नका. वर रंगाचा आणि प्लास्टिकचा थर असतो, धार चामड्याला लागतच नाही.

घोड्याच्या खोगिराला वापरतात ते चामडं मिळालं तर सोनं. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे, तिथले कारागीर हे चामडं रोज हाताळतात. रुंदी अडीच ते तीन इंच, लांबी हाताने ताणता येईल इतकी.

शिप्राकाठी
देवासला टाटांचा चामड्याचा कारखाना आहे ना? इतक्या जवळ असून चामडं कानपूरहून का आणायचं?

छावणीकर
तिथलं चामडं पादत्राणं आणि वस्तू बनवणाऱ्यांकडे मोठ्या मालात जातं. एका पट्ट्याचा तुकडा हवा तर खोगीर करणारा किंवा हाताने पिशव्या शिवणारा कारागीर गाठणं सोपं.

सराफ्याजवळ
इंदूरची चामड्याची खेळणी प्रसिद्ध आहेत, घोडे आणि हत्ती. त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्या कारागिरांकडे मिळेल का?

छावणीकर
त्यांचं काम सुरेख, घरी एक घोडा मीही ठेवलाय. पण ते तारेच्या सांगाड्यावर मेंढी-बकरीचं पातळ कातडं चढवतात. चमोट्याला त्यात दम नाही. तरी विचारा, चामड्याची माणसं एकमेकांना ओळखतात. पत्ता नक्की मिळेल.

मल्हारगंजचे नाना
कापडासाठी बाजारात जाऊच नका. जुन्या पलंगाची सुती निवार घ्या. तीच चामड्याच्या मागे टांगायची. कांजी जाईपर्यंत धुवायची, वाळल्यावर इस्त्री करायची, मग बाटलीने घोटायची. कापड धारेवरची ओल आणि साबणाचा अंश काढतं, थोडं गरमही करतं. चामडं मग शेवटचा हात फिरवतं.

बडोदेकर_भाऊ
हल्ली निवार नायलॉनची असते नाना.

मल्हारगंजचे नाना
दोरा काढून जाळून बघायचा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि हलकी राख. नायलॉन वितळून कडक गोळी होते.

धातुवेडा
निवारीची सूचना फार आवडली. प्रवासात पट्टा नसेल तर घडी घातलेलं वर्तमानपत्रही काम करतं, कडक सपाट जागेवर ठेवून. शाईतल्या काजळीचे कण फार बारीक असतात. सोमवारचा नईदुनिया मी बॅगेत ठेवतो.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सराफ्यातून दहापट दाखवणारं भिंग आणलं आणि उजेडात धार पाहिली. बुडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर दोन बारीक खाचा आहेत. बाकीची धार सलग चमकते. आणखी एक, मुठीच्या आतल्या बाजूला पात्यावर बारीक तांबूस ठिपके दिसले. मूठ पिवळसर, अर्धपारदर्शक आहे.

धातुवेडा
खाचा दहापट भिंगातून दिसत असतील तर चमोटा किंवा पेस्ट यांच्याने त्या जाणार नाहीत. सिल्ली.

मुठीकडे मात्र तातडीने लक्ष द्या. वर्णनावरून ती सेल्युलॉइडची वाटते. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लधर्मी वायू सोडतं आणि मिटलेल्या पात्याला तो आतून गंजवतो. कापराचा किंवा आंबूस वास येतो का पाहा. वस्तरा बंद डबीत ठेवू नका, हवेशीर ठेवा. वापरल्यावर पातं कोरडं करून शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्या, दाढीआधी ते पुसून टाका. चामड्याच्या म्यानातही ठेवू नका, चामडं ओल धरतं.

रामबागकर
वास येत नाही. मूठ अजून घट्ट आणि स्वच्छ आहे. आजपासून उघड्यावर ठेवतो.

ग्वाल्हेरी
खाचा आहेत म्हटल्यावर मीही सिल्लीच म्हणेन. पेस्ट त्यानंतर, देखभालीला.

शिप्राकाठी
सगळ्यांचं एकदा तरी एकमत झालं! :)

मल्हारगंजचे नाना
रामबागकर, खाचा लहान आहेत तर पहिल्यापासून सगळं करायची गरज पडणार नाही. ४००० च्या दगडावर खाचा जाईपर्यंत, मग ८०००, मग १२००० वर शेवट (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). पाठ आणि धार दोन्ही टेकवूनच. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरलेला असतो, आपण अंदाज करायचा नसतो. म्हणून पाठीला चिकटपट्टी लावली असेल तर शेवटपर्यंत तीच जाडी ठेवायची, मध्येच काढायची नाही. आणि दगडावर धार पुढे जाते, चमोट्याच्या उलट. हे विसरू नका.

स्वतः करायचं मन नसेल तर रविवारी सकाळी दुकानावर घेऊन या. माझ्याकडे दगड आहेत. दोघं मिळून करू, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कोणाची गरज लागणार नाही.

रामबागकर
नाना, नक्की येतो. खूप आनंद झाला. तोवर पट्ट्यावर फिरवत राहू की थांबू?

मल्हारगंजचे नाना
थांबा. खाच असलेली धार पट्ट्यावर फिरवली की खाचेच्या कडा चामड्यात ओरखडे पाडतात, आणि तुमचा पट्टा नवा असणार आहे.

सराफ्याजवळ
नाना, मीही येऊ का बघायला? वस्तरा नाही माझ्याकडे, पण दगडावरचं काम कधी पाहिलेलं नाही.

मल्हारगंजचे नाना
या की. दहाच्या आत या, नंतर गिऱ्हाईक सुरू होतं.

छावणीकर
सिल्लीवरून उतरल्यावरचा पहिला पट्टा कसा मारायचा हे लिहून ठेवा नाना, बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी तेव्हा कापड टाळतो, थेट चामडं.

मल्हारगंजचे नाना
मी टाळत नाही. दगडावरून उतरल्यावर धारेला बारीक चुरा आणि पाणी चिकटलेलं असतं. आधी स्वच्छ धुऊन पुसायचं, मग निवारीवर दहा हलक्या फेऱ्या, नंतर चामड्यावर ५० सावकाश. त्यानंतर हाताच्या केसांवर पाहायचं. कातडीपासून जरा वर धरलेली धार केस उडवत असेल तर फेस काढायला घ्या. नसेल तर चामड्यावर आणखी मारत बसू नका, १२००० वर परत जा.